बदली नाही

माझ्या धाकट्या दिरांना "कसं वाटलं?" असं विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर मिळतं, पण एका शब्दाचं, आणि त्या शब्दाला धरून पुढे काही बोलता येत नाही. त्यांच्या हॉकीच्या संघाने उभ्या जन्मात एकदाच अजिंक्यपद मिळवलं. करंडक देण्याच्या वेळी बर्फावर गालिचा अंथरायला भाऊजीच होते. ज्या करंडकापायी अख्खं शहर वेडं झालं होतं तो त्यांच्या नाकासमोरून गेला. घरी आल्यावर माझ्या जावेने दारातच विचारलं, "कसं वाटलं?"

"गार," भाऊजी म्हणाले आणि बूट काढायला बसले.

जाऊ हा किस्सा येईल त्याला सांगायची आणि सांगता सांगता स्वतःच हसून घ्यायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बर्फावर उभा असलेला माणूस गारच म्हणणार.

भाऊजींचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या शहरात मोठं बंदिस्त स्टेडियम एकच आणि संघ दोन. एक हॉकीचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, आणि दुसरा बास्केटबॉलचा. बर्फ रोज वितळवायचा आणि रोज गोठवायचा हे परवडत नाही, म्हणून तो मोसमभर तसाच असतो. बास्केटबॉलची मॅच आली की बर्फावर फोमच्या कडक लाद्या घालायच्या आणि त्यांवर लाकडी फळ्या जोडायच्या. फळी म्हणजे दाराएवढी, उचलायला दोन माणसं लागतात. प्रत्येकीला नंबर आणि जोडायला पोलादी खिट्टी. मॅच संपली की सगळं पुन्हा उचलायचं. हे काम करणाऱ्या टोळीचे भाऊजी प्रमुख. तिथे सगळे त्यांना फळीमास्तर म्हणतात.

दोन फळ्यांच्या सांध्यावर एखादी कड किंचित वर राहिली तर धावत्या खेळाडूचा पाय अडकतो आणि घोटा जातो. टोळीत त्याला "फळीने जीभ काढली" म्हणतात. भाऊजी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत जायचे, ओणवे होऊन, अख्खं मैदान. त्यांच्या हातून जीभ राहिल्याचं कुणाला आठवत नाही.

गंमत अशी की भाऊजी हॉकीचे आणि जाऊ बास्केटबॉलची. "माझा खेळ झाकून हिचा खेळ अंथरायचा पगार घेतो मी," असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

जाऊ स्टेडियमजवळच्या कपड्यांच्या दुकानात मशीनवर बसायची. चाहत्यांच्या जर्सीवर आवडत्या खेळाडूचं नाव आणि नंबर शिवून द्यायचे हे तिचं काम. पण शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त, असं ती म्हणायची. खेळाडूची दुसऱ्या संघात बदली झाली की दुसऱ्याच दिवशी लोक तोंड पाडून दुकानात हजर, ताई, हे नाव काढून द्या. नाव काढलं तरी कापडावर अक्षरांचा फिकट माग राहतोच. "नवरा सोडलेल्या बायकांना इतकं वाईट वाटत नसेल," ती म्हणायची, "एकेक असा चेहरा करून येतो, ताई."

तिची स्वतःची जर्सीही अशीच उसवून उसवून चाळणी झाली होती. ज्याचं नाव शिवावं तो वर्ष-दोन वर्षांत निघून जायचा. शेवटी ती वैतागली. आतून बुकरमचं कडक कापड लावून, दुहेरी कापडाची जाडजूड अक्षरं कापून तिने पाठीवर शिवलं, "बदली नाही". नंबराच्या जागी काहीच नाही.

"हा कुठला खेळाडू?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "मला कोण विकत घेणार? आणि माझ्या जागी बसायला येणार तरी कोण?"

तिचा संघ अंतिम सामन्यापर्यंत कधी पोचला नाही. बाद फेरीत हरायचा, ते ठरलेलं. त्या दिवसांत तिच्याशी बोलायची सोय नसे. पण एखादी मॅच जिंकला की भाऊजी घरी येईपर्यंत जागी राहायची आणि दार उघडून त्यांना जीभ काढून दाखवायची. पन्नाशी उलटलेली बाई. भाऊजी बाजूने आत जायचे.

दोघं टीव्हीसमोर एकत्र बसून बघायची ती वर्षातली एकच मॅच, बास्केटबॉलची ऑल-स्टार. सगळ्या संघांतले निवडक मोठे खेळाडू दोन बाजूंना वाटून घेतात आणि मोसमाच्या मध्यावर मजेसाठी खेळतात. एरवी एकमेकांचे गळे धरणारे त्या दिवशी एकाच बाजूला असतात. जिंकलं काय, हरलं काय, गुणतक्त्याला फरक पडत नाही. जावेने तिला नाव ठेवलं होतं, "लग्नाची मॅच". सगळे नटूनथटून येतात, कुणी कुणाला अडवत नाही, जो तो स्वतःची कला दाखवतो आणि संपल्यावर फोटो काढत बसतात, घरी म्हणून जात नाहीत. हॉकीतही असते अशी एक. ती भाऊजींना अजिबात आवडायची नाही. म्हणायचे, लग्नात आलेले पैलवान आहेत, धक्का लागला की सॉरी म्हणतात.

ही मॅच दरवर्षी वेगळ्या शहरात होते. आमच्याकडे येणार हे जाहीर झालं तेव्हा जाऊ मला दुकानातून फोन करून ओरडलीच. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. तिने भाऊजींसमोर दोन तिकिटं ठेवली. अगदी खालची, मैदानाच्या कडेची, कोपऱ्याजवळची.

"ह्या वेळी तळघरात बसायचं नाही," ती म्हणाली. मॅच चालू असते तेव्हा भाऊजी खाली तळघरात खुर्ची टाकून बसतात, फळ्या उचलायची वेळ होईपर्यंत. इतक्या वर्षांत एकही बास्केटबॉलची मॅच त्यांनी वर बसून पाहिलेली नव्हती. "माझ्याशेजारी बसायचं. शेवटापर्यंत. कबूल?"

"बसेन," भाऊजी म्हणाले.

"ताई, तुम्ही साक्षीदार."

मी म्हटलं, आहे. मग आम्ही जेवलो.

त्यानंतर ती पानगळीत गेली. दुकानात, मशीनवर बसल्या बसल्या. पायाखालची पट्टी दाबलेलीच राहिली होती आणि सुई रिकामीच चालत होती, असं दुकानदारीणबाईंनी सांगितलं. हृदय. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाऊजी रडले नाहीत. माणसं आली, गेली, भाऊजी दाराशी उभे राहून प्रत्येकाचा कोट घेत होते आणि परत देत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर गेले. माझी पुतणी, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. ती आईसाठी आलेली होती. संध्याकाळी बाप घरी आला तेव्हा तिने माझ्यादेखत विचारलं, "बाबा, तुम्ही आज कामावर गेलात?"

"हॉकी होती. फळ्या उचलायच्या होत्या."

"दुसरं कुणी नव्हतं उचलायला?"

"होते."

"मग?"

भाऊजींनी विचार केला. खरोखर केला, मी बघत होते. "घरी काय करायचं ते कळेना," ते म्हणाले.

"तुम्हाला काही वाटतंय का, बाबा? आई गेली त्याचं?"

"काही वाटत नाहीये," भाऊजी म्हणाले.

त्यांनी खरं ते सांगितलं. मी नवऱ्याच्या मागे बरीच वर्षं काढली आहेत, मला ते समजलं. सुरुवातीला काही वाटत नाही. भिंत दिसते, नळ दिसतो, दूध उतू गेलेलं दिसतं. पण पोरीला ते समजावं असं वय तिचं नव्हतं. ती रात्रीच्या गाडीने गेली आणि तिने बापाला फोन करणं सोडलं. करायची तो मला.

अर्धाअधिक हिवाळा तसाच गेला. भाऊजी कामावर जायचे, यायचे. मी मधूनमधून डोकावायची. घर स्वच्छ, भांडी जागच्या जागी. तिच्या जर्सीची घडी खुर्चीच्या पाठीवर, ती ठेवून गेली तशी. टीव्हीवर हॉकी लावलेली असे, आवाज बंद. कोण जिंकतंय विचारलं तर त्यांना पडद्याकडे बघून सांगावं लागे.

मॅच जवळ आली तशी पुतणीचा फोन आला. "काकू, बाबा जाणारेत का?"

"विचारलं नाही."

"आईला शब्द दिलाय त्यांनी. शेजारी बसायचा. तुम्ही होतात ना तिथे?"

"होते."

"मग ऐका. मी टीव्हीवर बघणार आहे. ते त्या खुर्चीत शेवटापर्यंत बसले तर मी त्यांना फोन करीन. आणि खाली तळघरात जाऊन बसले तर मला त्यांचं काही सांगू नका. ह्यापुढे कधीच."

"अगं, काय भाषा ही?"

"आणि काकू, आईच्या तिकिटावर तुम्ही जा. तुम्ही शेजारी असलात तर त्यांना उठता येणार नाही."

पोरगी हुशार आहे. मोठ्या वहिनीला एकटं टाकून भाऊजी उठणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं, मुलगी असं असं म्हणते, तेव्हा मी येते तुमच्याबरोबर.

भाऊजींनी तिकिटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, हे मला दिसलं. पण मी घाईत होते, कोट अंगावरच होता.

"बरं वहिनी," ते म्हणाले.

मॅचच्या दिवशी सकाळी त्यांनी टोळीबरोबर फळ्या टाकल्या आणि संध्याकाळची सुट्टी घेतली. मी वेळेवर स्टेडियमच्या दाराशी गेले तर ते आधीच उभे, इस्त्रीच्या शर्टात. आम्ही आत जाऊन बसलो. जागा खरोखर छान होत्या, पाय लांब केला तर मैदानाला लागेल इतक्या जवळ. मला त्या खेळातलं काही समजत नाही. उंच माणसं आली, मॅचआधीच्या सरावाला चेंडू आपटू लागली, लोक ओरडू लागले. माझ्या मागे दोघं जण वेगवेगळ्या संघांच्या जर्सी घालून एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसले होते.

"एरवी ह्याचं तोंड बघत नाही मी," त्यातला एक मला म्हणाला.

"आज तरी कशाला बघता?" मी म्हटलं.

भाऊजी मांडीवर हात ठेवून बसले होते. खेळाडूंकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आमच्या पुढ्यात, मैदानाच्या रेषेच्या बाहेरची जी पट्टी असते, तिथे त्यांची नजर होती.

"काय बघताय?"

"काही नाही."

मग चेंडू गोळा करणारी एक मुलगी त्या पट्टीवरून धावत गेली आणि आमच्यासमोर अडखळली. पडली नाही, दोन पावलं लंगडत गेली आणि हसली. कुणाचं लक्षही गेलं नाही. भाऊजी मात्र पुढे वाकले. छतावरच्या दिव्याची रेघ फळ्यांवर सरळ पडलेली होती, ती एका सांध्यावर तुटत होती. एवढं मलाही दिसलं, त्यांनी बोट दाखवल्यावर.

"जीभ काढली," ते म्हणाले आणि उठले.

"भाऊजी, बसा. तुमची माणसं आहेत ना खाली?"

"त्यांना माहीत नाही कुठे उचलायचं."

"भाऊजी, ती टीव्हीवर बघतेय."

ते थांबले. मैदानावर खेळाडू आपापल्या जागी उभे राहायला लागले होते. भाऊजी आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "कुणाचा तरी पाय मोडेल, वहिनी." आणि कठडा ओलांडून खाली गेले.

मला वाटलं, संपलं. बाप पळाला असंच ती म्हणणार.

पण ते तळघरात गेले नाहीत. कडेला उभ्या असलेल्या आपल्या टोळीतल्या एकाला त्यांनी हाक मारली, पंचांना हात केला, आणि सगळं थांबलं. व्यवस्थापक बाई कानाला वायरलेस लावून धावत आल्या. मी इतकी जवळ होते की सगळं ऐकू येत होतं.

"फळीमास्तर, तुमची सुट्टी आहे ना?"

"आहे. ही फळी उचलायची आहे."

"आत्ता?"

"आत्ता."

खिट्ट्या काढल्या, दोघांनी फळी उचलून आडवी धरली. खालची फोमची लादी काढली. खाली बर्फ दिसला, पांढरा, त्यांच्या हॉकीचा, आणि बर्फाला चिकटलेली एक जर्सी. भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि नखांनी तिची एकेक कड सोडवायला लागले. अलगद, शिवण तुटणार नाही अशा बेताने. कापड कडकड वाजत होतं. निघाली तेव्हा ती पत्र्यासारखी ताठ होती, घडीही पडेना. त्यांनी ती छातीशी आडवी धरली आणि उभे राहिले.

छताला टांगलेल्या मोठ्या पडद्यावर तोवर हेच दिसायला लागलं होतं. एक पांढऱ्या केसांचा माणूस, आणि त्याने धरलेल्या जर्सीवर अक्षरं, बदली नाही. आधी कुणी हसलं. मग लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग असेल, आणि टाळ्या सुरू झाल्या. अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. भाऊजींनी वर पाहिलंही नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"माझी चूक. सपाट बसेल असं वाटलं होतं. अक्षरांची जाडी धरली नाही मी."

"कुणाची आहे?"

"बायकोची."

बाईंनी कानाचा वायरलेस खाली घेतला. "बरं," त्या म्हणाल्या. "फळी बसवून घ्या."

भाऊजींनी फळी बसवली, सांध्यावरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि कठडा ओलांडून परत आले. माझ्याशेजारी बसले. जर्सी मांडीवर. मॅच सुरू झाली. गळ्यात हात घातलेले मागचे दोघं आता बेभान झाले होते. भाऊजी समोर बघत राहिले. खेळ बघत होते की नाही, सांगता येणार नाही.

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण मध्यंतरापर्यंत माझ्याने धीर धरवला नाही.

"भाऊजी, तिथे का घातलीत ती?"

ते बोटं चोळत होते. "खाली माझा बर्फ, वर तिची फळी," ते म्हणाले. "बरी जागा वाटली."

"अहो, पण घेऊन बसायची ना मांडीवर, आत्ता बसलात तशी. नाहीतर ठेवायची होती तिच्या खुर्चीत."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खुर्चीत तुम्ही होतात," ते म्हणाले.

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. तिकिटं समोर होती, त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि मी कोट न काढता निर्णय देऊन मोकळी झाले होते. मोठ्या वहिनीला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. तेव्हा त्यांनी बायकोसाठी दुसरी जागा शोधली. माणूस आयुष्यभर ज्या जागा ओळखतो त्यांतलीच एक.

म्हणजे मी बदली.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी काढला, नाव वाचलं, आणि नुसता हातात धरून ठेवला. "घ्या की," मी म्हटलं. त्यांची बोटं बर्फाने बधीर झाली होती, बटण दाबलं जाईना. मीच दाबलं आणि त्यांच्या कानाशी धरला. गोंगाटामुळे पुतणी मोठ्याने बोलत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, ती आईची ना?"

"हो."

"ओली आहे?"

"आता व्हायला लागलीय. वितळतेय."

"पिळू नका. अजिबात पिळू नका, बुकरम मोडतं. आडवी वाळत घालायची, उलटी करून. आई तशीच घालायची."

"बरं."

मी फोन तसाच त्यांच्या कानाशी धरून होते, माझा हात भरून आला.

"बाबा, कशी लागतेय हाताला?"

"गार," भाऊजी म्हणाले.

पलीकडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. तसा तो हसण्याचाच होता असं मी म्हणणार नाही. "उरलेली मॅच बसून बघणार ना?" तिने विचारलं.

"बसणार."

"मी रविवारी येतेय. तोवर इस्त्री करू नका तिला."

फोन बंद झाला तशी मी उठले. "मला काहीतरी गरम प्यायला हवंय," मी म्हटलं, "आणि हा गोंगाट काही माझ्याच्याने सोसवत नाही. मी वर मागे उभी राहते." भाऊजी उठायला लागले, मी खांदा दाबून बसवलं. मग ती जर्सी त्यांच्या मांडीवरून घेतली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर घातली, अक्षरं पुढे करून. कापडातून पाणी टपकत होतं. मागच्या दोघांतला एक म्हणाला, "बाई, जागा सोडलीत?"

"माझी नव्हती," मी म्हटलं.

उरलेली मॅच मी सगळ्यात मागच्या कठड्याला टेकून पाहिली. खाली पांढरं डोकं दिसत होतं आणि शेजारी ती जर्सी. डोकं हललं नाही. लोक उठत होते, बसत होते, उड्या मारत होते, भाऊजी बसून होते. जावेच्या संघातल्या एकाने अखेरीस काहीतरी अचाट केलं असावं, कारण सगळे उभे राहिले. ते दोघंच तेवढे बसलेले.

मॅच संपली. खेळाडू फोटो काढत राहिले, कुणी घरी जाईना. मी पायऱ्या उतरून खाली गेले. भाऊजींनी जर्सी न पिळता, दोन्ही हातांवर आडवी धरून, माझ्या हातावर ठेवली.

"तुम्ही घेऊन जाल का, वहिनी? मला उशीर होईल."

"आता आणखी काय आहे? सुट्टी ना तुमची?"

"उद्या हॉकी आहे," ते म्हणाले. "फळ्या उचलायच्या."

त्यांनी बाह्या दुमडल्या आणि कठडा ओलांडून खाली गेले. मी ते ओझं तसंच दोन्ही हातांवर आडवं धरून बाहेर पडले. दारावरच्या माणसाने वाचलं आणि दार उघडून धरलं.